चार नंबरची बाटली

नेपरव्हिलमध्ये वाइन कुणाला कळते, असं कुठल्याही मराठी माणसाला विचारा. तो दिगंबर काकांचंच नाव सांगेल, म्हणजे माझं! निदान २००६ च्या सप्टेंबरपर्यंत तरी सांगत होता.

यात फुशारकी नाही. चाळीस वर्षं मी तासगावला द्राक्षबागांत छाटणी केली. अक्षरओळख झाली ती बावन्नाव्या वर्षी, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. पण द्राक्ष मला जन्मापासून वाचता येतं. मणी जिभेवर ठेवला की बागेला शेवटचं पाणी कधी दिलं ते सांगतो! मुलगा संजीव इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याने मला आणि माझ्या बायकोला, सुवर्णाला, अमेरिकेत आणलं. त्याच्या मित्रांच्या वाइन क्लबात मी आधी कोपऱ्यात बसायला गेलो आणि तीन महिन्यांत मधल्या खुर्चीवर आलो.

क्लबात कॅलिफोर्नियाच्या, जास्त करून नापा खोऱ्यातल्या, वाइन चाखायच्या, पण घोट गिळायचा नाही, बादलीत थुंकायचा. ही सगळी इंजिनियर मंडळी! थुंकायला गेली की हनुवटीवरून थेट शर्टावर. मला तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, पण नेम शाबूत. चार फुटांवरून बादलीच्या मधोमध! पहिल्याच दिवशी टाळ्या पडल्या.

प्रत्येक वाइनबद्दल मी वहीत लिहायचो. टपोरं अक्षर, एका ओळीला पाच मिनिटं. 'नापाची तांबडी. पहिल्या घोटाला सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी ताठ, नंतर जेवलेल्या जावयासारखी मऊ. सात मार्क.' 'पांढरी. आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास. पेंढ्याचाच, आंब्याचा नाही. चार मार्क.'

क्लबाचा म्होरक्या श्रीराम, पुण्याचा. ग्लास असा गरागरा फिरवायचा की आमची सुवर्णा विचारायची, "लोणी आलं का रे वर?" हाच श्रीराम इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. संजीवने त्याला माझी वही दाखवली आणि म्हणाला, "अंकात छाप ना यार."

"काका, लेबल बघून कुणीही लिहील," श्रीराम म्हणाला. "आपण ब्लाइंड टेस्टिंग करू. बाटल्या कागदी पिशव्यांत घालू. तुम्हाला ओळखता आल्या, तर दिवाळी अंकात पान तुमचं. नावासकट!"

नावासकट! बावन्न वर्षं अंगठा उठवलेल्या माणसाचं नाव छापून येणार! ज्या बाईंनी मला 'द' गिरवायला शिकवला, त्यांना तासगावला अंक पाठवायचा, हेही मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

परीक्षा शनिवारी दुपारी आमच्याच घरी. आम्ही सहा जण. संजीवने स्वयंपाकघरातून चार बाटल्या पिशव्यांत घालून आणल्या.

पहिली चाखली. "वेल म्हातारी आहे. माझ्याएवढी असेल." श्रीरामने पिशवी काढून लेबल वाचलं. जुन्या वेलींची झिनफांडेल! दुसरी. "तोडणीच्या आधी पाऊस झालाय, चव पातळ झालीय." श्रीरामने इंटरनेटवर बघितलं. त्या वर्षी तिथे पाऊस झाला होता! तिसरी मी नुसत्या वासावर सांगितली. रवींद्र नागपूरचा, तो उठून माझ्या पायाच पडला. मी आशीर्वादही दिला.

मग चौथी.

रंग जरा मातकट. श्रीराम म्हणाला, "अनफिल्टर्ड दिसते." मी घोट घेतला आणि माझे डोळेच भरून आले. उन्हात वाळलेल्या काळ्या मनुका! आमच्या बेदाण्याच्या शेडवरचा वास! मागून बारीकसा कडवटपणा, आईच्या रागासारखा. मी थुंकलो नाही. गिळला! वही ओढली आणि लिहिलं, 'ही माझ्या घरची वाटते. साडेनऊ मार्क.' आजवर आठच्या वर मी कुणाला चढू दिलं नव्हतं!

"दॅट बिटर फिनिश!" श्रीरामने डोळे मिटले. "डोंगरउतारावरची द्राक्षं आहेत. पैज लावतो."

"ही थुंकायची? पाप लागेल यार!" रवींद्रने ग्लास पुढे केला. "अजून टाक."

कुणीही थुंकलं नाही. प्रत्येकाने दोनदा घेतली. बाटली तळापर्यंत रिकामी झाली. पिशवी काढली तर आत नापाची कॅबर्ने, मागच्या महिन्यात आम्हीच प्यायलेली!

"तेव्हा मी हिला पाच मार्क दिले होते," श्रीराम हळहळला. "आज उघडून ठेवल्यावर बघा कशी फुललीये!"

"हो, बूच आधीच निघालेलं होतं," संजीव म्हणाला. "मला वाटलं, कादंबरीने हवा लागायला ठेवली असेल."

कादंबरी म्हणजे आमची सून. ती सकाळपासून बाहेर गेली होती, हे कुणाच्या लक्षात येणार? श्रीरामने माझा हात हातात घेतला. "काका, पान तुमचं! उद्या दहाला माझ्याकडे अंकाची कमिटी आहे. वही घेऊन या."

संध्याकाळी सुवर्णा स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होती. "अहो, इथली माझी बाटली कुठं गेली?"

"साडेनऊ मार्कांचा दिवस आहे आज! बाटलीचं काय घेऊन बसलीस?"

रविवारी सुवर्णा, संजीव आणि मी श्रीरामकडे निघालो. वीस मिनिटांच्या रस्त्यात संजीवने दोन पेट्रोल पंपांवर गाडी थांबवली. पेट्रोल काही भरलं नाही. दोन्ही वेळा पळत आत गेला आणि भिंतीला धरून बाहेर आला.

दार श्रीरामच्या बायकोने, सुमेधाने उघडलं. ती वाइन घेत नाही.

"श्रीराम?"

"वर."

"रवींद्र?"

"खाली. पहाटेपासून दोघांचं हेच चाललंय. रवींद्र लवकरच इकडे आला, घरी त्याची बायको बाथरूमचं दार वाजवत होती म्हणून."

या देशात घराला अडीच बाथरूम असतात. त्यातल्या अर्ध्याचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळलं. तिथे संजीव शिरला.

बऱ्याच वेळाने श्रीराम कठड्याला धरून खाली आला. चेहरा पिळलेल्या लिंबासारखा. "व्हायरस आहे, काका. काल आलेल्या सगळ्यांनाच झालाय. तुम्हाला नाही?"

"मला काय होतंय?" मी छाती काढली. "बागेत राबलेलं शरीर आहे!"

सुवर्णा त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "काल काय प्यायलात रे सगळे? मनुकांचा वास होता का?"

"होता, काकू!"

"मागून कडू?"

"एक्झॅक्टली!"

"तळाला गाळ?"

"सेडिमेंट! काकू, तुम्हालाही वाइन कळते?"

"वाइन नाही रे बाबा. सोनामुखी कळते." ती पदर तोंडाला लावून खाली बसली. "मेल्यांनो, तो ह्यांचं पोट साफ व्हायचा काढा होता! चांगली काचेची बाटली कोण टाकून देतं? मी धुऊन त्यात भरून ठेवला होता. ह्यांना रोज दोन चमचे देते, आणि तुम्ही पेलेच्या पेले ढोसलेत?"

श्रीरामने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याला तातडीने वर जावं लागलं.

मी वही मांडीवर धरून बसलो. पान गेलं! आठ महिने रोज तोच काढा पितोय, आणि मला ओळखू आला नाही! पण खरं सांगू? चमच्यातून नाक दाबून पितो तेव्हा चव कुठे कळते? तीच वस्तू पातळ काचेच्या ग्लासातून द्या, मग बघा!

तरी श्रीराम शब्दाचा पक्का निघाला. दिवाळी अंक आला. पान एकसष्ट, 'आजीबाईचा बटवा' या सदरात मनुका-सोनामुखीच्या काढ्याची कृती. खाली चौकटीत माझं परीक्षण, शब्दन्‌शब्द, साडेनऊ मार्कांसकट. वर छापलं होतं, 'एका जाणकाराचं मत'. जाणकाराचं नाव? ते श्रीरामने काही छापलं नाही. क्लबाची अब्रू म्हणाला.

पण कृतीच्या वर, ठळक अक्षरांत, होतं: सौ. सुवर्णा दिगंबर जमदाडे.

म्हणजे माझं नाव छापून आलंच की! अगदी मधोमध!

अंक त्याच दिवशी तासगावला बाईंच्या पत्त्यावर धाडला. पाकीट चिकटवण्याआधी मधल्या शब्दाखाली तेवढी लाल रेघ मारली. म्हटलं, बाईंना आता कमी दिसतं, शोधत बसायला नको.