चार बोटं हळदीचा तपास

अमरावतीत पोलीस आहेत, हे मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीत त्यांना यावं लागत नाही, कारण गल्लीत मी आहे. माझं नाव इंदूबाई. शिक्षण चौथी, पाचवीत गेले असते, पण गुरुजींना माझे प्रश्न झेपेनात. लिहायचं तर मी शाळेतलं मराठी लिहिते, भांडायचं तर घरचं बोलते, आणि डोकं दोन्हीच्या पुढे पळतं. आजवर सत्तावीस हरवलेल्या वाट्या, एक पळालेली शेळी आणि एक पळालेला जावई मी शोधून जागेवर आणून बसवला आहे. शेळीला वेळ लागला. तिला अक्कल होती.

अशा बाईच्या स्वयंपाकघरातून हळद चोरायची, म्हणजे चोर एक तर बाहेरगावचा असणार, नाही तर जिवावर उदार झालेला.

हळद साधी नव्हती. नात प्रियदर्शनीचं लग्न ठरलं, तेव्हा मी वायगावची हळकुंडं मागवली. स्वतः उकडली, गच्चीवर वाळवली आणि गिरणीत उभं राहून दळून घेतली. गिरणीवाला पूर्ण वेळ माझ्याकडे पाहत होता, हळदीकडे पाहायची त्याची छाती झाली नाही. नातीच्या अंगाला माझ्या हातची हळद लागणार, हे मी तिच्या जन्माच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पितळी डबा काठोकाठ भरून फडताळात ठेवला. पंधरा दिवसांनी उघडला, तर हळद चार बोटं खाली.

त्याच दिवसांत घरात आणखी एक खूळ चालू होतं. आमचे हे, म्हणजे गल्लीचे देवमनभाऊ, तीस वर्षं अमरावती-अकोला टॅक्सी चालवत होते. त्यांची अँबॅसडर अजून आमच्या अंगणात उभी आहे, काळं अंग आणि पिवळं टप. धंदा सुटला, गाडी सुटली नाही. मी दहा वर्षांपासून म्हणते आहे, भंगारात द्या. हे दहा वर्षांपासून 'हं' म्हणत आहेत.

त्यात त्यांना केशवरावांनी गाठलं. केशवराव म्हणजे रिटायर साहेब, जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं काय सांगू. दर रविवारी सकाळी मैदानावर दहा-बारा म्हाताऱ्या गाड्या येतात आणि दहा-बारा म्हातारे त्यांची बॉनेटं उघडून आत पाहतात. आत काय आहे, ते मागच्या रविवारीही पाहिलेलं असतं. मग एक जण म्हणतो, "ओरिजिनल आहे." बाकीचे माना हलवतात. घरी बायकोचे गुडघे वाजतात ते यांना ऐकू येत नाहीत, पण इंजिनातली टिकटिक डोळे मिटून ऐकतात. एकाच्या फियाटला तर मी नुसती टेकले, तर मालक धावत आला आणि मी टेकले होते ती जागा पुसून गेला. मला पुसलं नाही, हे त्याचं नशीब.

या मंडळानं ठरवलं, जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्या गाड्या अमरावतीहून अकोल्यापर्यंत रांगेनं न्यायच्या. हे म्हणाले, "आपली पन जाईल."

"जाईल का नेतील?" मी विचारलं. "लग्नाचा मांडव अंगनात घालाचा हाय. तिथं हे धूड बसेल हाय. ऐका, माहा नियम. अकोल्यापावतर आपल्या चाकानं गेली, तर गाडी राहीन. कोनं दोरी बांधून ओढत नेली, तर तिकडूनच भंगारात."

हे म्हणाले, "हं." पण या वेळचा 'हं' मागच्या दहा वर्षांसारखा नव्हता. जेवताना हात थांबला होता. मी ते टिपलं, आणि मला हळदीचं काम असल्यामुळे बाजूला ठेवलं.

तपासाची सुरुवात मी घरापासून केली. सून माया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या तपासात मदतनीस म्हणून मी तिला नेमलं आहे. तिला विचारलं नाही.

"माया, हळद कोनं काढली?"

"कोनती हळद, आई?"

"कोनती म्हनते. म्हनजे घरात दोन हळदी हायेत, हे तुले माहीत हाय."

"रोजची येक आन् लग्नाची येक. तुमीच सांगतलं."

"मीच सांगतलं. पन तुह्या ध्यानात राह्यलं, हे संशयाचं हाय."

मायानं वह्या तपासणं चालू ठेवलं. लाल पेन होतं. पिवळं असतं तर तिथेच तपास संपला असता.

दुसरा संशय समोरच्या गोदाबाईवर. ती फुलं विकते आणि माझ्या फडताळापर्यंत तिची ये-जा आहे. मी थेट तिच्या ओट्यावर गेले.

"गोदा, हात दाखव."

"काहून वं?"

"दाखव म्हनलं ना."

दहाही बोटं पिवळीजर्द. मी मायाकडे पाहिलं. इतकी लवकर सुटलेली केस माझ्याही आठवणीत नव्हती.

"सकाळपासून झेंडूचे हार करून राह्यली मी," गोदाबाई म्हणाली, "तुह्याच नातीच्या मांडवाचा नमुना हाय. पाह्य, आवडते का."

मी बोटांचा वास घेतला. झेंडूच होता. पण बाई हुशार असती तर हळदीवर झेंडू चोळून बसली असती, म्हणून तिचं नाव मी खोडलं नाही, नुसतं खाली ढकललं. वर तीच मला शिकवायला लागली, "येखाद्यानं करनी केली असंन. हळद करनीले लागते."

"आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून करनीले परवानगी नाई," मी म्हणाले. "आली असती तरी फाटकातून वापस गेली असती. फाटक मी उघडते."

घरी आले तर आमच्या यांच्या तळहातावर पिवळेपणा दिसला. नखांतही. माझ्या जागी दुसरी बाई असती तर तिनं भलताच अर्थ काढला असता. मी त्यांना उजेडात नेलं, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या, जीभ बाहेर काढायला लावली आणि ओळखलं. कावीळ. दुखणाईत माणसाला हळद चोरायचं त्राण कुठून असणार, म्हणून त्यांचं नाव यादीतून कायमचं काढलं. त्याच दिवसापासून तेल बंद, तिखट बंद, दोन वेळा मुगाची मऊ खिचडी आणि सकाळी उसाचा रस. आठ दिवस त्यांनी चकार शब्द न काढता खाल्लं. मला वाटलं, दुखण्यानं माणूस किती शहाणा होतो.

आणि मग मला माग सापडला. अंगणात पिवळे थेंब पडलेले होते. एक, दोन, पाच, आणि सगळे आमच्या अँबॅसडरच्या तोंडापाशी येऊन संपत होते.

"माया, पाह्य. चोर हळद सांडत सांडत इथपावतर आला. पुढं थेंब नाई. म्हनजे काय?"

"म्हनजे गाडीतून काही तरी..."

"बरोबर. गाडीतून पळाला. पन आपली गाडी तं जाग्यावर हाय. म्हनजे दुसऱ्या गाडीतून पळाला, आन् ते गाडी आपल्या गाडीच्या आडोशाले उभी होती. आपल्या घरी गाडी घेऊन कोन येते?"

मायानं एका थेंबाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "केशवराव येतात. पन आई, मी काय म्हनत होती..."

"तू कायबी म्हनू नको. तुले शाळेचा उशीर होऊन राह्यला."

केशवराव दुसऱ्याच दिवशी आले, आणि त्यांच्या हातात पिवळं फडकं होतं. मी चहा दिला आणि फडकं हिसकावून नाकाला लावलं. पेट्रोलचा वास आला. "वहिनी, ते गाडी पुसायचं आहे," ते म्हणाले. त्यांची गाडी इतकी पुसलेली असते की तिच्यावर माशी बसत नाही, घसरते. त्या माणसाला हळद कशाला लागणार, याचा मी दोन दिवस विचार केला. माझा निष्कर्ष असा निघाला, की पितळी दिवे चमकवायला. हळदीनं पितळ चमकत नाही, असं माया म्हणाली. चोराला हे माहीत असेलच असं नाही, असं मी म्हणाले.

आता फक्त त्याला रंगेहाथ धरायचं राहिलं होतं. म्हणून मी रॅलीला निघाले. घरात हळद ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पितळी डबा फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. शेजारी माया. स्टिअरिंगवर आमचे हे, इस्त्रीचा सदरा घालून. तीस वर्षांत सवारीला कधी एवढं हळू बसा म्हणाले नाहीत, तेवढं त्या सकाळी मला म्हणाले.

केशवरावांची गाडी अकोल्याला जाण्यासाठी मैदानावर आली, तीच ट्रकवर चढून. चाकांना धूळ लागू नये म्हणून. मी खिडकीतून विचारलं, "साहेब, हे चालते, का नुसती पाह्याची हाय?" ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

बडनेरा गेलं, लोणी गेलं. रस्त्यावर माणसं थांबून मोबाइल धरून उभी होती. एका म्हाताऱ्यानं आमच्या गाडीला हात केला आणि ओरडून विचारलं, "मूर्तिजापूर येक सीट?" हे खरंच ब्रेक मारणार होते. मी मागून खाकरले. मी पूर्ण वेळ केशवरावांच्या गाडीवर नजर ठेवून होते, त्यामुळे आमच्याच गाडीतला तापाचा काटा लालवर गेला, तो मला दिसला नाही. मायाला दिसला. तिनं माझ्या हाताला हात लावला, तोपर्यंत मूर्तिजापूरच्या नाक्यावर बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली.

सगळं मंडळ जमलं. बॉनेट उघडलं. आज आत पाहायला खरंच काही तरी होतं, म्हणून सगळे खूश दिसत होते. एक म्हणाला थर्मोस्टॅट, दुसरा म्हणाला फॅनबेल्ट, केशवराव म्हणाले गॅस्केट, आणि मी म्हणाले घातपात. कारण ज्यानं हळद नेली, तोच आमची गाडी अकोल्याला पोचू देत नव्हता, हे मला आता स्पष्ट दिसत होतं. मी केशवरावांकडे पाहून तसं बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात बाजूच्या चहाच्या टपरीवरून पार्वताबाई नावाची बाई झारा हातात घेऊन आली. तिनं इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. हवेत नाक वर केलं.

"कोनाचं वरन करपून राह्यलं वं?"

सगळ्या मंडळानं नाकं वर केली.

"अवो, रेडिएटरात हळद टाकली दिसते," ती म्हणाली. "माह्या घरवाल्यानं टरकात टाकली होती, भोक बुजाले. चमचाभर टाकाची असते. तुमी तं फोडनी देल्ली."

आणि झारा घेऊन परत भजी तळायला गेली. पंधरा दिवसांचा तपास तिनं दोन भज्यांच्या मधल्या वेळात आटोपला.

हे खाली वाकले. रेडिएटर थंड व्हायची वाट पाहिली, ओलं गोणपाट टाकून झाकण काढलं, खालची तोटी सोडली. रस्त्यावर पिठलं आलं. पिवळं, घट्ट, गुठळ्यांचं. वायगावचं.

मी डबा मांडीवर घेऊन तिथंच टपरीच्या बाकावर बसले.

"किती टाकली?"

"पयले चमचाभर."

"मंग?"

"गळतच होतं. मंग दर दोन दिवसानं चमचा, दोन चमचे."

"आन् मले काहून नाई सांगतलं?"

"तू भंगारात देल्ली असती."

"आठ दिवस खिचडी खाल्ली तुमी."

"खाल्ली."

"उसाचा रस पेला."

"तो बरा होता," हे म्हणाले.

माया तोंड फिरवून हसत होती. तिला थेंबांच्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मदतनीसांचं हे असंच असतं. माहीत असतं, पण सांगता येत नाही, कारण कोणी बोलूच देत नाही.

पार्वताबाईनं दोन बादल्या पाणी दिलं. रेडिएटर धुऊन निघाला, आणि धुतला तशी जुनी भेग पुन्हा उघडी पडली. टप, टप, टप. या वेळी थेंब पांढरे होते.

केशवराव पुढे आले. त्यांच्या हातात नवा कोरा, निळा दोर होता. "देवमनराव, काळजी नको. ट्रक आहेच. हळूहळू ओढत नेऊ अकोल्यापर्यंत."

हे दोराकडे पाहत होते. मग त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली आणि गाडीच्या टपावर हात ठेवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. नियम कोणाचा होता, ते त्यांना माहीत होतं. माझ्या मांडीवर काय होतं, तेही माहीत होतं. त्यांनी मागितलं नाही. बेचाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही, गुपचूप घेतलं तेवढंच.

मी त्या निळ्या दोराकडे पाहिलं. मग त्या ट्रककडे. ज्या माणसाची गाडी स्वतः दुसऱ्याच्या पाठीवर बसून आली, त्यानं तीस वर्षं याच रस्त्यावर धावलेली गाडी ओढायची, आणि मागच्या सीटवर मी.

"पार्वताबाई," मी म्हणाले, "चमचा दे. लहानवाला."

फडकं सोडलं. डबा उघडला. चमचा भरला आणि बोटानं वरून सपाट केला. यांनी हात पुढे केला, तो मी बाजूला सारला आणि स्वतः उठून रेडिएटरात टाकला.

"आई," माया हळूच म्हणाली, "प्रियदर्शनीची हळद हाय ते."

"तिच्याच आज्याची गाडी हाय," मी म्हणाले.

दहा मिनिटांनी थेंब थांबले. केशवरावांनी दोराची गुंडाळी करून परत ठेवली. अकोल्यापर्यंत काटा मधोमध राहिला, आणि बोरगाव मंजूच्या पुढे हे शीळ घालायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. अकोल्यात पहिलं बक्षीस केशवरावांच्या गाडीला मिळालं. ती ट्रकवरून उतरून बक्षिसापर्यंत साठ पावलं चालली, मी मोजली.

गाडी राहिली. नियम माझा, मोडता येईना. मांडव तिच्याभोवती घालावा लागला, आणि मंडपवाला म्हणाला, असं त्यानं आयुष्यात पाहिलं नाही. मी त्याला सांगितलं, तुझं आयुष्य अजून व्हायचं आहे. हळदीच्या सकाळी गोदाबाईनं टपावर झेंडूचे हार टाकले. प्रियदर्शनीला मी माझ्या हातानं हळद लावली. डबा कमी भरला होता, पण पुरला. आमचे हे बाजूला उभे होते, स्वच्छ हात मागे धरून.

हळद लावून झाली तशी गोदाबाई वाटी घेऊन बॉनेटपाशी गेली आणि मला विचारलं, "इंदूबाई, इलेबी येक बोट लावू का? शुभ असते."

मी म्हणाले, "राहू दे. तिची हळद आधीच झाली."