पाचवा तुकडा

मोजणीत मला हरवणारा माणूस ह्या बेटावर अजून जन्मलेला नाही! मी न्हावी. समोरच्याच्या डोक्यावर किती केस उरलेत आणि ते किती महिने टिकतील, हे मी खुर्चीमागून नुसतं बघून सांगतो. पण बासष्ट सालच्या एक जानेवारीला मी सहापर्यंत मोजायला बसलो आणि अशी गफलत केली, की अजून आठवली तरी एकटाच हसतो.

कप्तान अनेस्तिसच्या मुलीवर, एवान्थियावर, माझा जीव होता. जकात कचेरीतल्या झिसिमोसचाही होता. आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात मागणी घातली. कप्तान म्हणाला, "मला तुम्ही दोघंही सारखेच नापसंत आहात. नवीन वर्षाला जेवायला या. संत वासिलीच्या केकमध्ये लपवलेलं नाणं ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याला पोरगी. कुणालाच नाही मिळालं तर पुढल्या वर्षी बघू."

"आणि मला कोण विचारणार?" एवान्थियाने विचारलं.

"तू केक कर," कप्तान म्हणाला.

इथंच म्हातारा फसला! केक करणारीच्याच हातात नाणं, आणि ती माझ्या बाजूची! आदल्या दिवशी ती माझ्या दुकानाच्या मागल्या दारी आली. हात पिठाने पांढरे.

"बाबा नेहमी आठ सारखे तुकडे करतात. वयाप्रमाणे वाटतात. मोज!"

मी बोटं पुढे केली. "आजी, कप्तान, तुझी आई, मग झिसिमोस. तो माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. मग मी. पाचवा! मागून तू, सहावी."

"नक्की?"

"अगं, मोजणी आहे ही, समुद्र नव्हे! उरलेले दोन शेजाऱ्यांना."

कसं सुचलं नाही मला, देवच जाणे! त्या घरात सगळं आधी त्याचं असे. नव्या तेलाची पहिली वाटी तसबिरीपुढच्या दिव्याला. जाळ्यातला पहिला मासा बंदरावरच्या आंधळ्या स्तामाताला, देवाच्या नावाने. पाव कापण्याआधी सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस. आजी तर शिंकायच्या आधीसुद्धा त्याची परवानगी घेई! हे सगळं लहानपणापासून बघत आलो होतो. पण प्रेमात माणसाच्या डोक्यात एकच जण मावतो.

जेवण झालं. केक आला, बैलगाडीच्या चाकाएवढा! एवान्थियाने परात अशी ठेवली, की तसबिरीकडून मोजत गेलं की पाचव्या तुकड्यात नाणं. कप्तानने त्यावर सुरीने क्रूस काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"पहिला तुकडा ख्रिस्ताचा!"

मी टेबलाखाली बोटं पुन्हा मोजली. पहिला ख्रिस्ताचा, दुसरा आजीचा, तिसरा कप्तानचा... म्हणजे पाचवा झिसिमोसचा! एवान्थिया केकवरच्या साखरेसारखी पांढरी पडली. सुरी खाली येऊ लागली.

"थांबा, कप्तान!" मी उभाच राहिलो. "माझा नंबर झिसिमोसच्या आधी. मी त्याच्यापेक्षा मोठा आहे!"

"किती?"

"दोन वर्षांनी!"

"अरे, काल सव्वीसचा होतास ना?" झिसिमोस ओरडला.

"रात्रीत वर्ष बदललं!"

कप्तानने सुरी खाली ठेवली. "वय चोरणाऱ्या बायका पाहिल्या. वय वाढवणारा नवरामुलगा पहिल्यांदाच बघतोय! आई, तू सांग. इग्नातिस कधीचा?"

आजीने डोळे मिटले. "ह्याच्या बाप्तिस्म्याला मी होते. आमचं गाढव विहिरीत पडलं, त्या वर्षीचा."

"गाढव कधी पडलं?"

"मोठं वादळ झालं तेव्हा."

"आई, वादळात गाढव नाही, मामा पडला होता!"

"मामा आपल्या पायांनी उतरला होता, गाढवाला काढायला!"

गाढवावरून अर्धा तास गेला. शेवटी आजीने माझं डोकं खाली ओढून निरखलं आणि निकाल दिला, "टक्कल पडायला लागलंय मेल्याला. हाच मोठा!"

न्हाव्याला टक्कल! पण मी मानाने मिरवलं. पाचवा तुकडा माझा!

कप्तानने वाटप केलं. मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. बोटांनी चुरा केला. चुऱ्याचा भुगा केला. काही नाही! तेवढ्यात शेजारी कडकन आवाज झाला.

"आई गं, दात!" झिसिमोस किंचाळला, आणि त्याच्या तळहातावर नाणं चमकलं.

मी एवान्थियाकडे बघितलं. एवान्थिया माझ्याकडे बघत होती, माणूस बुडत्या होडीकडे बघतो तशी. गाढवाचा वाद चालू असताना तिने परात गुपचूप एका तुकड्याने फिरवली होती, नाणं सहाव्यात जावं म्हणून. तिने तिच्या बाजूने चूक सुधारली, मी माझ्या बाजूने!

कप्तान उठला. "ठरलं तर. झिसिमोस..."

"बाबा, नाणं मी ठेवलं होतं!" एवान्थिया रडतच बोलली. "ह्याच्यासाठी! पाचव्यात!"

"हो कप्तान," मी म्हणालो, "आणि मी मोठाही नाही."

झिसिमोस जिभेने दात चाचपडत होता. कप्तान बोटं मोजत होता. आई, मी, बायको... पाचव्या बोटाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"मला फसवलंत, ते समजू शकतो. मीही तरुण होतो. पण ह्या घरात बसून माणसं मोजलीत, आणि त्यालाच गाळलंत?"

मी मान खाली घातली. खरंच लाज वाटली.

"खोटेपणाने ठेवलेलं नाणं मी मानत नाही. झिसिमोस, ते तुझ्या दाताच्या खर्चाला ठेव. आणि इग्नातिस, वर्षभर रोज पहाटे आधी चर्चचं दार उघडायचं, दिवा लावायचा, मग दुकान. एक दिवस चुकलास की पोरगी विसर!"

फेब्रुवारीपर्यंत मी देवाशी भांडतच चर्चचा चढ चढत होतो. पण भांडत का होईना, दिवसाचं पहिलं बोलणं त्याच्याशी होतं. ईस्टरनंतर भांडणं संपली. दिवा लावून मी उगाच बसून राहायचो. खाली बंदरात होड्या सुटायच्या, मेणाचा वास यायचा, आणि गिऱ्हाईक दाराशी खोळंबलंय हे ठाऊक असूनही उठवत नसे. तशा पहाटा मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

एकही दिवस चुकला नाही! पुढच्या जानेवारीत लग्न लागलं. लग्नाचे मुकुट घालून वेदीपुढे उभे असताना एवान्थिया कानाशी कुजबुजली, "आता तरी सांग, पहिली मीच ना?"

वर्षभराची सवय. तोंडातून निघून गेलं, "दुसरी."

आमच्याकडे लग्न लागताना नवरी गमतीने नवऱ्याच्या पायावर हळूच पाय देते, पुढे घरात कुणाचं चालणार ते ठरवायला. फोटोत बघा. पाद्रीबाबा हसताहेत, कप्तान हसतोय, झिसिमोससुद्धा सोन्याचा दात दाखवून हसतोय. मी एकटाच एका पायावर उभा आहे!