होकार अडवणारा देविदास

देविदासने मला फसवलं. "मालक, आपल्याकडून एक बी खोटा मेल बाहेर जाणार न्हाई," असा शब्द त्याने दिला होता. आणि मेल गेला. मी अजून सावरलेलो नाही.

जालन्यात मस्तगडला माझं वधूवर सूचक मंडळ आहे. पत्र्याच्या टपरीपासून इथवर आलो तो कुणाच्याही शब्दावर न विसंबता. विसंबलो फक्त देविदासवर. तो मंडळाची वेबसाइट सांभाळतो. मागच्या खोलीत बसतो, चाळिशी ओलांडलेली, एकटा जीव, भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. गिऱ्हाईक आलं की दार लोटून घेतो.

हा माणूस दिवसभर स्वतःलाच मेल पाठवतो. साइटमध्ये काही बदलायचं तर आधी तिच्या नकलेवर करून बघतो. नकलेत नावं-पत्ते खऱ्या गिऱ्हाइकांचे, पण तिथून निघालेला प्रत्येक मेल तो वाटेत अडवून आपल्या पेटीत वळवतो. 'अभिनंदन! मुलीकडून होकार आला आहे,' हे कुणाच्याही नावाने निघो, वाचणारा देविदासच. चहावाला त्याला नवरदेव म्हणतो.

"काय नवरदेव, आज किती जणींनी हो म्हणलं?"

"लई. जल्दी चहा दे, परत पाठवायचेत."

मला हे पटेना. "सगळं तूच वाचणार, मंग मला काय कळणार? मलाही दिसलं पाहिजे."

तो पुष्कळ कुरकुरला. मी सोडतो होय! शेवटी म्हणाला, "बरं, मंडळाच्या नावाचे जे ई-मेल पत्ते हायेत, त्यांच्यावर तेवढे जाऊ देतो. बाकी बिलकुल बंद."

मग एका सकाळी भोकरदनकडून बापलेक आले. बापाने टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. "तोंड गोड करा शेठ, पोराला होकार आला!"

मुलीचं नाव ऐकून मी गारच पडलो. तिचा साखरपुडा दुसरीकडे झाला होता.

"कोण म्हणलं होकार आला?"

पोराने मोबाइल पुढे केला. तोच 'अभिनंदन!'वाला मेल, खाली माझ्याच मंडळाचं नाव. पोराचे केस ताजे कापलेले, शर्टाची घडीही मोडलेली नव्हती.

मी देविदासच्या नावाने असा ओरडलो की शेजारचा कापडवाला धावत आला. देविदासने मोबाइल पाहिला आणि पांढरा पडला. "मालक, ह्यांच्याकडं मंडळाचा पत्ता कसा काय?"

कसा म्हणजे? खेड्यात पुष्कळांकडे ई-मेल नसतो. फॉर्म भरायला आले की मीच त्यांना मंडळाच्या नावाचा पत्ता काढून देतो. फुकट काही मिळालं की गिऱ्हाईक टिकतं. यात माझं काय चुकलं? देविदासने विचारायला नको होतं?

तो माझ्याशी भांडला नाही, याचाच मला जास्त राग आला. पोराजवळ बसून म्हणाला, "भाऊ, हा मेल खोटा ए. तपासायला पाठवलेला, चुकून तुमच्याकडं आला. चूक माझी."

पोरगा मान वर करेना. बाप म्हणाला, "पाव्हण्यारावळ्यांत पेढे वाटून आलो, साहेब. आता गावात काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका काका. मी येतो. मी सांगतो घरोघर."

गिऱ्हाईक पाहून दार लोटणारा हा माणूस! मी त्याला जिन्यात गाठलं. "येडा झालास का? फोनवर सांग की!"

तो थांबला. "मालक, माझ्या पेटीत रोज होकार येतात. मीच पाठवलेले, सगळे खोटे. तरी उघडताना छातीत धडधडतंच. ह्याला तर खरा वाटला होता."

आणि तो त्यांच्याबरोबर बसस्टँडकडे गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा अंगावर गावभरची धूळ होती. "मंडळाचे पत्ते बी बंद केले," एवढंच बोलला आणि आत गेला.

मी मात्र सगळे फॉर्म उपसून बसलो. देविदासचा त्यात नाही. इतकी वर्षं माझ्याच छताखाली बसून, दुसऱ्यांचे होकार वाचून, या माणसाने स्वतःचं नाव नोंदवलं नाही! मी गिऱ्हाईक शोधत अंबड-भोकरदन पालथं घालतो आणि हा भिंतीपलीकडे गप्प. ही फसवणूक मी खपवून घेणार नाही. उद्या सकाळी त्याने माझ्यासमोर बसून याचा जाब द्यायचा. फोटोसकट.