भिंतीपर्यंत आलेली लाइन

दुपारी चारच्या हुमनाबाद गाडीवर नवा ड्रायव्हर असला की गाडी आमच्या गावाबाहेर भलत्याच जागी थांबते. तिथे थांबा नाही, झाड नाही, उतारूही नाहीत. रस्त्याकडेला फक्त एक सिमेंटची पाण्याची टाकी आहे आणि टाकीवर एक सत्तरीचे गृहस्थ उभे असतात. उन्हासाठी काळी छत्री, तिचा दांडा सदऱ्याच्या कॉलरमध्ये मागून खोचलेला. समोर लोखंडी पाइपला सुतळीने मोबाइल बांधलेला. आणि दोन्ही हातांनी जोरजोरात खुणा चाललेल्या. ड्रायव्हरला वाटतं, म्हातारा गाडीला हात दाखवतोय. कंडक्टर दार उघडून कानडीत चढायला सांगतो. वरून उत्तर येतं, "तुमी जावा. मी पोरीशी बोलायलोय."

कंडक्टर आजूबाजूला पोरगी शोधतो, ती दिसत नाही. मग तो दार लावून घेतो आणि ड्रायव्हरकडे बघून कपाळाजवळ एक बोट फिरवतो. जुन्या ड्रायव्हरांना आता सवय झाली आहे. ते नुसता हॉर्न देतात. अप्पाही एक खूण मध्येच थांबवून त्यांना रामराम करतात आणि पुन्हा खुणा सुरू करतात.

मुलांनो, हे आपले शेजारी नागनाथअप्पा. फोनवर माझा चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत अडकला की तुम्ही हसता आणि 'आजी, चांगलं इंटरनेट का घेत नाहीस' म्हणून विचारता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अप्पांची हकीगत सांगितली की ते आपोआप येईल.

अप्पांची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं पट्ट्याच्या घरघराटात बोलून त्यांचा आवाज कायमचा चढला आहे. ते चहा मागतात तेव्हा पलीकडच्या गल्लीतही चहा ठेवला जातो. बोलण्याची हौस तर इतकी की दळण टाकायला आलेली बाई घरी पोचायची ती जोंधळ्याच्या पिठाबरोबर कमठाण्याच्या कुणाचं लग्न मोडलं आणि बीदरला कोणता साहेब बदलून आला हे सगळं घेऊन. या माणसाच्या पोटी मुलगी झाली ती जन्मापासून ऐकू न येणारी.

मंगल त्या गिरणीतच वाढली. गिरणी सुरू असताना तिथे शांत झोपणारं तेवढं एकच मूल. तिची आई, गंगाक्का, हिने पोरीसाठी हातांची एक भाषा घडवली. दोघींनी मिळूनच घडवली म्हणा. पुस्तकात कुठे सापडणार नाही अशी. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या बोलायच्या. बोटं अशी चालायची की शेवया वळतायत असं वाटावं. अप्पा मधे येऊन ओरडून काही सांगायचे, गंगाक्का ते हातांनी पोचवायची, मंगलचं उत्तर तोंडाने परत आणायची. अप्पांना त्यात काही अडचण वाटली नाही. घरातच दुभाषी होता. पोरीला कलबुर्गीच्या कर्णबधिरांच्या शाळेत घाला म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. ती लांब राहणार म्हणून अप्पांनी घातलं नाही. त्यामुळे मंगल स्वतःचं नाव आणि आकडे लिहिते, बाकी नाही. पुढे इचलकरंजीला तिच्यासारखाच न ऐकणारा, शिवणकाम करणारा नवरा मिळाला, लग्न झालं. गंगाक्का दर दोन महिन्यांनी जाऊन लेकीचं सगळं बोलणं हातांतून घेऊन यायची आणि इथे अप्पांना सांगायची.

दोन वर्षांपूर्वी गंगाक्का गेली.

आता अप्पा फोन लावतात तेव्हा मंगलची सासू उचलते आणि म्हणते, बरी आहे. दर आठवड्याला तेवढंच. "बरी हाय म्हंजे काय, टीचरबाई?" अप्पा एकदा माझ्या फाटकात उभे राहून म्हणाले. "शेळीबी बरी असती. मला माझ्या लेकीला इचारायचंय." म्हणून टाकी. गावात मोबाइलला त्यातल्या त्यात बरी रेंज धरते ती त्या टाकीवर, आणि तीही चित्र चालेल इतकी नाही. मंगलचे हात दिसतात न दिसतात तोच सगळं अडकतं, आणि बोटांच्या जागी गव्हाच्या रंगाचा नुसता फराटा उरतो. आवाजाचं बोलणं तुटलं तरी माणूस अर्ध्यावरून अंदाज बांधतो. हातांचं बोलणं तुटलं की काही उरत नाही. अप्पांना घरात तारेची, वेगवान लाइन हवी होती ती एवढ्यासाठी.

इथे माझा प्रवेश होतो. मी इंग्रजीची शिक्षिका, निवृत्त असले तरी फाइल, पंचिंग मशीन आणि कार्बन पेपर बाळगून असलेली. अप्पांनी अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे दिलं. पहिला अर्ज मी चार ओळींत लिहिला. अप्पांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाले, ह्यात साहेबाच्या घरच्यांची खुशाली कुठं इचारली? मी सांगितलं की हा तक्रारीचा चौकोन आहे, यात ठरावीकच अक्षरं मावतात. ते म्हणाले, मग तक्रार कमी करा. शेवटी बेंगळूरुच्या कुठल्याशा टेबलावर आमचा जो अर्ज पोचला त्यात साहेबांच्या आईवडिलांची प्रकृती, यंदाच्या तुरीचा अंदाज आणि साहेब या बाजूला आल्यास हुरडा खायला येण्याचं निमंत्रण होतं. लाइनचा उल्लेख शेवटच्या वाक्यात अर्धा मावला.

उत्तर आलं की तुमची विनंती सिस्टीममध्ये आहे.

त्या शब्दाने अप्पांना पछाडलं. महिनाभर ते विचारत राहिले की सिस्टीम बीदरला असती का बेंगळूरुला, आणि तिथं जायला गाडी कुठून. पुढे आशा सुटत चालली तसा तो शब्द त्यांच्या बोलण्यात सगळीकडे शिरला. म्हैस व्याली का विचारलं, तर "सिस्टीममधी हाय." पाऊस येणार का, तर सिस्टीममधी हाय. हळ्ळीखेडच्या एका पाहुण्यांनी गंगाक्काच्या माघारी दुसऱ्या लग्नाचं सुचवलं, त्यांनाही अप्पांनी तेच उत्तर दिलं. पाहुणे बिचारे चार महिने वाट बघत होते.

तक्रार केंद्राला ते स्वतः फोन करायचे. पलीकडची मुलगी नम्रपणे विचारायची की डब्यावरचा दिवा हिरवा आहे की लाल. अप्पा गिरणीच्या आवाजात सांगायचे की डबाच नाही. ती म्हणायची, एकदा बंद करून चालू करा. अप्पा म्हणायचे, काय बंद करू? असं दहा-बारा वेळा झाल्यावर त्यांनी एक दिवस खरोखर घरातला रेडिओ बंद करून चालू केला आणि तिला तसं कळवलं. ती आभार मानून म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे.

आणि मग, कुणालाच खरं वाटेना असं, माणसं आली. कंपनीचे चार जण, शिडी, मोठं रीळ. खांब कमी पडत होते, तर अप्पांनी बांधावरची दोन कडुनिंबाची खोडं तोडून दिली. तीन दिवस त्या चौघांना भाकरी-पिठलं घातलं. तार रस्त्याने आली, गिरणीवरून वळली आणि अप्पांच्या भिंतीपर्यंत पोचली. तिथे त्यांनी उरलेल्या तारेचं वेटोळं खिळ्याला अडकवलं आणि निघाले. जोडणारा माणूस वेगळा असतो म्हणाले. तो येईल.

दसऱ्याला अप्पांनी विळा, पेरणीची पांभर, गिरणीचा पट्टा आणि ते वेटोळं, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं.

जोडणारा येण्याआधी फोन करतो, फोन लागला नाही तर तो परत जातो, असं कुणीतरी सांगितलं होतं. अप्पांच्या घरात रेंज नाही. मग फोन नाही तर निदान आपण समोर दिसावं म्हणून अप्पांनी घर सोडणंच सोडलं. श्रावणापासून कार्तिक उलटेपर्यंत हा माणूस ओट्यावर बसून होता. दाढी करायलाही गेला नाही. न्हावी घरी यायचा आणि अप्पा अर्ध्या साबणातून रस्त्याकडे बघायचे. चारला तेवढे टाकीवर जायचे, तेही मला ओट्यावर बसवून. जोडणारा आलाच तर त्याला चहा देऊन अडकवून ठेवायचं, अशी मला ताकीद होती.

मग वेळ अमावास्या आली. तुम्ही ती कधी पाहिली नाहीत. मार्गशीर्ष संपताना या भागातलं गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची खोपटासारखी कोप उभारायची, पूजा करायची, आंबील, पालेभाज्या-डाळींची भज्जी आणि बाजरीचे उंडे पोटाला तडस लागेपर्यंत खायचे आणि दिवस कलल्यावर घरी यायचं. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, तेही माणसांमागे जातं. अप्पा यायला तयार नव्हते. मीच त्यांना रागावले. म्हटलं, आज मुलखात कुणी कामावर नसतं, तुमचा जोडणारा काय आकाशातून पडणार आहे? गंगाक्का असती तर कोपीत पहिली आंबील तिनेच ओतली असती. त्यावर ते उठले, टोपी घातली, घराला कुलूप लावलं.

जोडणारा त्याच दिवशी आला.

तो पार दक्षिणेकडचा, नव्याने बदलून आलेला. या सणाचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. त्याने गल्ली पाहिली, एकूण एक दाराला कुलूप. अप्पांना फोन लावला, अप्पा शेतात, कोपीत, रेंजबाहेर. त्याने हातातल्या यंत्रात टिपून टाकलं की ग्राहकाला लाइन नको आहे, आणि गेला. हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, जेव्हा शिडीवाले परत येऊन वेटोळं काढून घेऊन गेले. दुसऱ्या गावाला तार कमी पडत होती. त्यांनी अदबीने सांगितलं, भाकरी खाल्लेली होती ना. नव्याने अर्ज करा, म्हणाले.

भिंतीवर खिळा आणि हळदीचा गोल डाग राहिला.

मी क्षमा मागायला गेले. अप्पांनी मला दोष दिला नाही. त्यांचं ते हळू बोलणं मी प्रथमच ऐकलं: "तुमी कामून रडायलाव? गाव बंद हाय हे त्याला कुनी सांगायचं?"

पुढच्या आठवड्यात मी त्यांना बीदरला घेऊन गेले. माझ्या भाचीच्या घरी चांगली लाइन आहे. अप्पा परीटघडीचा सदरा घालून आले. छत्रीही आणली होती, ती दारात ठेवली. भाचीने टेबलावर मोठा पडदा लावून दिला आणि मंगलला फोन लागला.

चित्र इतकं स्वच्छ होतं की मंगलच्या ओठांत धरलेली टाचणी दिसत होती. बापाला पाहून तिने टाचणी काढली, शिवणकाम बाजूला सारलं आणि बोलायला लागली. दोन वर्षांचं साठलेलं. बोटं, मनगटं, भुवया, सगळं एकदम. एकही खूण तुटली नाही. अप्पा मान डोलावत राहिले. मग ती थांबली आणि तिने काहीतरी विचारलं. दोन बोटं छातीवर टेकवून कानामागे नेली, आणि भुवया वर. अप्पांनी जेवल्याची खूण केली. तिने मान हलवली, पुन्हा तेच विचारलं. अप्पांनी पीक बरं असल्याचं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं.

अप्पांचा उजवा हात हवेत अर्ध्यावर थांबला. मान थोडी कलती, डोळे उघडे, पापणी हलेना. मला वाटलं झटका आला. मी खांद्याला हात लावला, तर ओठ न हलवता ते पुटपुटले, "टीचरबाई, हलू नका. लाइन अडकली म्हनून समजू द्या तिला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टाकीवर उभ्या राहणाऱ्या या माणसाला दोन वर्षं वाटत होतं की लेकीचं बोलणं तार नाही म्हणून कळत नाही. तार आली, आणि त्यांना ती भाषाच येत नव्हती. आणि हे लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात आमचं छोटं चित्र दिसत होतं. त्यात अप्पा दगडासारखे बसले होते आणि त्यांच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यावर चांगला फडफडत होता. मंगलने तो फडफडता पडदा पाहिला. मग बापाचा चेहरा पाहिला, बराच वेळ.

ती हसली नाही. स्टूल ओढून फोनच्या अगदी जवळ आली, दोन्ही हात चित्राच्या मधोमध आणले आणि तीच खूण पुन्हा केली. अगदी सावकाश, एकेक बोट वेगळं दाखवत. थांबली. पुन्हा केली.

अप्पा अजून अडकलेलेच होते. चौथ्या वेळी, बाकी काही न हलवता, त्यांनी दोन बोटं उचलली आणि छातीवर टेकवली.