रिबकासिस्टरांचा गुरुवार

रिबकासिस्टर माणसांना झोपवतात. तान्ह्या बाळांना नव्हे, चांगल्या थोराड, संसारी, रेशनकार्डावर नाव असलेल्या माणसांना. भर दुपारी, आणि तेही दमदाटी करून.

त्यांची-माझी पहिली भेट गच्चीवर झाली. आमच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. त्या दिवशी मी धुतलेल्या चादरी परत धुऊन घातल्या होत्या आणि त्यांवर परत काजळी पडली होती. शिवाय संध्याकाळी शिकवणीची मुलं यायची होती, गॅसवर आमटी होती, आणि मी आभाळाकडे बघून भांडत होते. तेवढ्यात शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून एक हाडकुळा हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नजर घड्याळावर. बाई माझी नाडी बघत होत्या.

"वैनी, दुपारचं शेवटचं कधी झोपलासा?"

"लग्नाच्या आधी," मी म्हणाले. रागात होते म्हणून खरं बोलले.

"अंग कुणाचं हाय हे?"

"माझंच की."

"हितंच चुकतंय. मालकाचं हाय ते. आपल्याला वापराय दिलंय. नीट परत कराय नको?"

त्यांनी वर बोट दाखवलं. मी वर बघितलं. तेवढ्यात डोळ्यात काजळी गेली.

सिस्टर जन्मभर मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. नवरा, शमुवेलमास्तर, शाळेत शिकवायचे. ते गेल्यावर जुनं घर सोडून सिस्टर आमच्या शेजारी राहायला आल्या. मुलगी प्रिसिला पुण्यात. निवृत्त बाईनं शांतपणे बसावं, दूरदर्शन बघावं, गुडघ्यांना तेल लावावं. सिस्टरना ते जमत नाही. त्या दिवसभर गल्लीतून फिरतात आणि दमलेली माणसं शोधतात. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा आपल्या व्हरांड्यात आडवं केलं. तो बिचारा उठला तेव्हा त्याचं ऑफिस सुटलं होतं.

पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे गुरुवार. चर्चमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी त्यांची बायकांची सभा असते; मलाही त्यांनी मनगट धरूनच तिथं नेलं. सभा म्हणजे सतरंजीवर पडून राहायचं. बोलायचं नाही, गायचं नाही, देवानं आपलं काय भलं केलं त्याची साक्षसुद्धा द्यायची नाही. मोबाईल दारातच पितळी डब्यात जमा. मग सिस्टर उभ्याउभ्याच प्रार्थना करतात. "बापा, ही तुझी लेकरं. दमल्यात. धर जरा. आमेन." आणि त्याच दमात ओरडतात, "पडा!"

चर्चच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना हे काही पटलं नाही. देवाच्या घरात लोळणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, "वादळात होडी बुडाय लागली, तवा प्रभू काय करत हुता?"

"झोपले होते."

"डोक्याखाली काय हुतं?"

"उशी."

"एवढी वर्षं होडीवर बोलतासा, वादळावर बोलतासा. उशीवर कधी बोललासा?"

पुढच्या गुरुवारी त्या गृहस्थांनी आपल्या बायकोबरोबर घरातली उशी पाठवून दिली.

चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांना ही कल्पना फार आवडली, म्हणून त्यांनी फळ्यावर ‘सेल्फ-केअर सभा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. सिस्टरनी पदरानं पुसून टाकलं. "सेल्फ-केअर म्हंजे तोंडाला काकडी लावून बसत्यात, ते व्हय? ही आज्ञा हाय, हौस न्हवं."

या आज्ञेला त्यांच्याकडे एक गोष्ट आहे. बायबलमधला एक संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली मरायला बसला. देवानं दूत पाठवला. "त्या दूतानं भाषण केलं न्हाय," सिस्टर बजावतात. "रडू नको म्हणला न्हाय. भाकरी दिली, पाणी दिलं, आणि परत झोपू दिलं. परत! उठला की परत भाकरी. आधी पड, मग रड." म्हणून सभा संपली की प्रत्येकीला चतकोर भाकरी, मिरचीचा खर्डा आणि पेलाभर पाणी मिळतं. आम्ही जैन. मी लसूण खात नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच गुरुवारी माझ्या भाकरीवरचा खर्डा बिनलसणाचा होता.

घरी सासूबाईंना मात्र संशय. "तिथं नेऊन काय करतात तुला?" म्हणून एका गुरुवारी त्या स्वतः पाळत ठेवायला आल्या, आणि सगळ्यांच्या आधी घोरायला लागल्या. आता बुधवारपासूनच त्या मला आठवण करून देतात.

मला झोप येत नसे. माझं डोकं रात्रंदिवस दळत असतं, वह्या तपासायच्यात, हरभरे भिजवायचेत. मी नुसते डोळे मिटून पडायची, आणि किल्ल्यांचा आवाज जवळ येऊन थांबायचा. "अंगठा हलतोय पायाचा. ही जागी हाय." सिस्टरना फसवता येत नाही. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पेला घेऊन त्या सतरंज्यांच्या मधून अखंड फिरत राहतात. कुणी जरा खाकरलं की पेला पुढे. कोपऱ्यात खुर्ची रिकामी असते, तिच्यावरसुद्धा त्या बसत नाहीत. इतक्या बायकांना आडवं पाडणारी ही बाई स्वतः मात्र कधी क्षणभरही टेकत नाही.

पावसाळ्यानंतर त्यांना चक्कर आली. बाजारात, भाजीवाल्याला झोपेवर व्याख्यान देताना. पोटच्या मुली असल्यागत मी आणि भाजीवाल्याची बायको त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. संध्याकाळी प्रिसिलाचा फोन आला. "काकू, आईचं प्रेशर भयंकर आहे. गोळ्या पुरत नाहीत. विश्रांती घेतली नाही तर अर्धांग होईल म्हणालेत डॉक्टर. माझं ती ऐकत नाही. तुम्ही कसंही करून तिला दुपारची झोपवा."

झोपवा म्हणे! मी गोड बोलून बघितलं. सासूबाईंना पाठवलं, तर त्या स्वतःच सिस्टरच्या पलंगावर झोपून आल्या. शेवटी मी त्यांचंच शस्त्र काढलं. "सिस्टर, अंग कुणाचं हाय?"

"मालकाचं. त्यानंच कामाला लावलंय," म्हणाल्या आणि एका पेंगुळलेल्या रिक्षावाल्याला आडवं करायला त्याच्या मागे गेल्या.

माझा संताप संताप झाला. मला भीती वाटली की मी संतापते.

त्या गुरुवारी आम्ही पडलो होतो. किल्ल्यांचा आवाज एकदम थांबला. मी डोळे उघडले. सिस्टर खिडकीचा गज धरून उभ्या होत्या, चेहरा पांढरा पडलेला. मी ताडकन उठले. "आम्हाला आज्ञा, आणि तुम्हाला माफी व्हय?" मी ओरडलेच. "उद्या अंग लुळं पडलं की मालकाला काय सांगणार हाईसा?"

हॉलभर माना वर झाल्या. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू बोलल्या.

"मास्तर अंथरुणाला खिळलेले, तवा मी जागीच असायचो, वैनी. एका दुपारी सगळी म्हणाली, सिस्टर, घटकाभर पडा. पडलो. उठलो तर मास्तर गेलेले." त्यांनी पेल्याकडे बघितलं. "पाणी त्यांच्या हातापासनं जरा लांब हुतं. मागितलं असंल का वो त्यांनी? तेवढंच कळत न्हाय."

"मग आम्हाला कशाला झोपवतासा?" मी विचारलं.

"तुम्ही झोपता तवा मी जागी असतो की. कुणी पाणी मागितलं तर?"

दर गुरुवारी त्या कशासाठी फिरत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, पेला घेतला, कमरेचा जुडगा सोडवून घेतला. त्यांनी आश्चर्यानं बघितलं, पण सोडू दिला. माझ्या सतरंजीवर सासूबाईंनी कमिटीवाल्यांची उशी टाकली.

"पडा," मी म्हणाले. "मी हाय जागी. पाणी हितं हाय, माझ्या हातात."

त्या पडल्या. मी उशाशी बसले. थोड्या वेळानं आवाज आला, "वैनी, जागी हाईसा न्हवं?"

"हाय."

मग परत, "जागी हाईस?"

"हाय की, सिस्टर."

पायाचा अंगठा बराच वेळ हलत होता. मग थांबला. किल्ल्या वाजू नयेत म्हणून मी जुडगा मुठीत घट्ट धरून ठेवला. सभेची वेळ संपली. एरवी आम्ही मोबाईलवर तुटून पडतो, पण कुणीच उठलं नाही. डब्यातले मोबाईल थरथरायला लागले तेव्हा सासूबाईंनी आपली शाल काढून डब्यावर घातली. माझी शिकवणीची मुलं दारात येऊन वह्या आपटून गेली असतील. मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा सिस्टर कुशीवर वळल्या, आणि डोळे मिटूनच पुटपुटल्या, "पाणी."

पेला मी लगेच ओठांशी नेला. त्या घटघट प्यायल्या, मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी भाकरीचा चतकोर पुढे केला. तो त्यांनी निमूट खाल्ला, डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं, आणि त्या परत आडव्या झाल्या.