बसप्पाचं ‘दाबू का?’

सगळा पडदा प्रश्नचिन्हांनी भरला होता. मराठीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. बसप्पा खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "अक्का, शांता गेली."

मी म्हटलं, "तिला जाऊन तीन वर्षं झाली. आज काय नवीन?"

शांता माझी धाकटी बहीण, बसप्पा तिचा नवरा. उदगीरला त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. पत्रिका टाइप करायची शांता, आणि कॉम्प्युटरात ठेवताना त्यांना नावंही तीच द्यायची. ‘देगलूरची घाईची’, ‘तीनदा मुहूर्त बदललेली’, ‘मामा रुसलेला’. आता त्या सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

बसप्पाच्या म्हणण्याप्रमाणे मशीनला दोन दारं असतात. एक गिऱ्हाइकाचं, एक मालकाचं. मालकाच्या दारानं शिरायचं असलं की हा चपला काढतो, हात धुतो, कपाळाला विभूती लावतो. "मालक होऊन बोललं की मशीन उलटून विचारत न्हाई, अक्का. पुस म्हणलं की पुसतं." मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहितो, शेवटच्या बटणावर बोट धरतो आणि विचारतो, "दाबू का?" गिऱ्हाईक बिचारं घाबरून "दाबा, दाबा" म्हणतं.

मी नातीची पत्रिका छापून घ्यायला गेले होते. मशीन त्यानं त्याच सकाळी, आतल्या पत्रिका तशाच ठेवून, नवं करून घेतलं होतं आणि त्याची भाषा मराठी करत बसला होता. मालकाच्या दारानं शिरून भाषांची यादी उघडली, मराठीवर खूण केली, बटण दाबलं, आणि हे झालं.

"इंग्रजीच राहू द्या की," मी म्हटलं. "जगाचं चालतंय."

"शांताला इंग्रजी येत नव्हतं. तिनं ठेवलेलं तिच्याच नावानं सापडाय पायजे."

दोनदा केलं, दोनदा प्रश्नचिन्हं. बसप्पाला घाम फुटला. माझी शाळा चौथीपर्यंत, पण डोळे शाबूत आहेत. मी पडद्यावरच्या भाषांच्या यादीवर बोट ठेवलं. "बाकी ओळी इंग्रजीत धड दिसलाल्यात. पहिल्याच ओळीत प्रश्नचिन्हं कशी? काय लिहिलाव तिथं?"

बसप्पा खाली बघायला लागला. "श्री."

"काय?"

"वर श्री घातल्याबिगर मी कागद सुरू करत न्हाई. चाळीस वर्षं झाली."

"मशीनला पत्रिका छापून देलालाव का? ते पहिल्याच ओळीला अडून बसलंय. पुसा ते."

"श्री पुसू?" बसप्पा असा बघायला लागला, जसं काही मी नातीचं लग्नच मोडायला सांगितलं. "शांता काय म्हणल?"

"मग बसा प्रश्नचिन्हं वाचत."

बसप्पानं डोकं खाजवलं. मग एकदम हसला. श्रीच्या आधी जाळीसारखी बारकी खूण टाकली. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढं जातं म्हणे. श्री जागेवर, मशीनही खूश. त्यानं पुन्हा हात धुतले, पुन्हा विभूती लावली आणि बोट बटणावर नेलं.

"दाबू का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला न्हाई विचारलो, अक्का."

त्याची नजर माझ्या बाजूच्या रिकाम्या स्टुलावर होती. शांता तिथं बसायची. तिनं "दाबा" म्हटल्याशिवाय यानं कधी बटण दाबलं नाही, हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. ती गेल्यावरही हा विचारतच राहिला, आणि मी इतके दिवस समजत होते की गिऱ्हाइकांना विचारतोय.

बोट तसंच बटणावर.

मी उठले. स्टुलावर जाऊन बसले. स्टूल डगमगत होतं, तेही यानं दुरुस्त केलं नव्हतं.

"दाबा," मी म्हटलं.

बसप्पानं दाबलं. मशीन थोडा वेळ कुरकुरलं. मग ते पुन्हा सुरू केलं, आणि नावं एकेक करून वर आली. ‘देगलूरची घाईची’. ‘मामा रुसलेला’. ‘तीनदा मुहूर्त बदललेली’. बसप्पा प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होता आणि हसत होता. मीही हसले.

दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. शांताचा नवरा आणि शांताची थोरली बहीण.