खोटी बटणं

टेलरमास्तरांच्या शर्टाची बटणं खोटी होती आणि ही गोष्ट जगात फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती. निदान तिचा तसा समज होता. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी तिने त्यांना आरशासमोर दुसऱ्या बटणाशीच झटापट करताना पाहिलं. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. तिला रडूच आलं. मास्तर दुकानात गेल्यावर तिने त्यांच्या सगळ्या शर्टांची काजं बुजवली, वर शोभेची बटणं शिवली आणि आतून टिचबटणं बसवली. तळहाताने दाबलं की लागायची, ओढलं की सुटायची.

झालं भलतंच. "बघ, बोटं सुधारली!" म्हणत मास्तर घरभर मिरवू लागले आणि डॉक्टरचं नाव काढू देईनात. बोटांची सूज मात्र वाढतच होती. परवा हातातली कात्री पायावर पडली, तेव्हा कुठे स्वारी सांध्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार झाली.

"मला काही झालेलं नाही, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐक," मास्तर म्हणाले. निघण्याआधी त्यांनी गरम पाण्यात हात शेकले आणि दुखण्याच्या दोन गोळ्या गुपचूप घेतल्या. वाटेत 'दुकानाचं कुलूप बघून येतो' म्हणून पाच मिनिटं गायबही झाले.

डॉक्टर तरुण होत्या, पण त्यांना घाई नव्हती. "काका, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"पाचेक मिनिटं."

"दीड तास," बायको म्हणाली.

"हिचं घड्याळ पुढे आहे."

"घरात कोणाला संधिवात होता?"

"छे!"

"यांच्या आईला. शेवटी शेवटी मीच भरवत होते त्यांना."

भर दुकानात गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप तिने मोठ्याने सांगितलं असावं, तसं मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. मास्तर हसत राहिले. चपलेत आवळलेली पायाची बोटं तेवढी बायकोला दिसत होती. मूठ पाऊणच मिटली.

"आता खांदे बघू. शर्टाची बटणं काढा."

मास्तरांनी कडा धरून ओढली. टप्, टप्, टप्! क्षणात शर्ट उघडा.

"अरे वा! म्हणजे बारीक कामाला काहीच अडचण नाही," असं म्हणून डॉक्टर लिहू लागल्या.

बायकोने लिहिणाऱ्या पेनाकडे पाहिलं. गप्प बसावं तर नवरा औषधाशिवाय घरी जाणार, बोलावं तर परक्या माणसासमोर त्याची अब्रू जाणार. पेन पुढे सरकत होतं.

"लिहू नका, डॉक्टर. ती बटणं खोटी आहेत. मी लावलीत." आणि ती रडायला लागली.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. निळ्या शर्टाला काळा दोरा! आंधळा नाही झालो अजून."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटत होती गं. एकदा बोललो, की दुकान संपलं."

डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली. मग सगळं नीट समजावलं. रक्त तपासायचं, हातांचे एक्स-रे काढायचे, मग औषध. गुण यायला काही आठवडे लागतील. उशीर झालाय, पण फार नाही.

"आणि कात्री? धरता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"बघू या, काका. वचन देत नाही."

मास्तरांनी तळहाताने दाबून शर्ट लावला.

रक्त घेणाऱ्या नर्सने बाही वर करायला सांगितली. मास्तरांनी नुसताच हात पुढे केला. बायको बघतच राहिली. मनगटावरचं बटण खरं होतं आणि खऱ्या काजात लावलेलं होतं. बाह्यांचा तिला विसरच पडला होता, कारण घरातून निघताना त्या नेहमी दुमडलेल्या असत.

"हे कोणी लावलं?"

मास्तर खाली बघू लागले. "दुकानासमोरच्या टेलरने. रोज लावून देतो. आजही, कुलूप बघायला गेलो तेव्हा."

वीस वर्षं त्या समोरच्याच्या शिलाईला नावं ठेवल्याशिवाय मास्तरांना जेवण गेलं नव्हतं.

"तो काही बोलत नाही?"

"नाही. पहिल्या दिवशी फक्त तुझे टाके बघितले आणि म्हणाला, वहिनींना निळा दोरा पाठवून देतो."

बायकोला रडता रडता हसू फुटलं. तिने ते बटण सोडवलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि सुई टोचली जाईपर्यंत त्यांचा दुसरा हात धरून बसली. बोटं दुखतील म्हणून मनगटाशी धरला होता.